हेलिकॉप्टरातला घरचा भेदी

रेडिओ कंट्रोलचं हेलिकॉप्टर बांधणारी माणसं दोन विषयांवर बोलायला लागली की थांबत नाहीत, एक ब्लेडचं ट्रॅकिंग, म्हणजे सगळी पाती एकाच पातळीत फिरवणं, आणि दुसरं इंटरफिअरन्स, म्हणजे रेडिओच्या सिग्नलमधली लुडबुड. ट्रॅकिंग निदान डोळ्यांना दिसतं तरी. इंटरफिअरन्स दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याला वासही नाही, त्यामुळे हेली पडली की बिल त्याच्याच नावावर फाडायचं, ते बिचारं नाही म्हणायला येत नाही.

आता ग्लिच म्हणजे काय ते सांगतो. हेली डोळ्यांच्या उंचीवर मस्त हॉवर करतेय, तुम्ही ट्रान्समीटरच्या दोन्ही काड्यांवर अंगठे अलगद ठेवून श्वास रोखून उभे आहात आणि मधेच स्वॉशप्लेटच्या, म्हणजे ब्लेडचा कोन बदलणाऱ्या तबकडीच्या, अंगात येतं. अर्धा सेकंद फक्त, मग परत शहाण्यासारखी. विमानाला असा झटका बसला तर ते जरा डगमगतं आणि पुढे जातं, पंख असतात ना त्याला. हेलीला मुळात स्थिर राहायचंच नसतं, तिला सारखं आवरत राहावं लागतं, त्यात हा झटका जमिनीपासून हातभर उंचीवर आला तर ब्लेड आधी मातीत आणि मग टेल बूमवर, म्हणजे शेपटीच्या नळीवर. आणि सव्वातीनशे मिलिमीटरच्या ब्लेडची छोटी हेली असली तरी पूर्ण वेगात ब्लेडचं टोक तासाला साडेतीनशे किलोमीटरच्या वर पळत असतं, म्हणजे हसण्यावारी न्यायचा प्रकार नाही.

पहिला संशय अर्थातच बाहेरच्यांवर. मोबाईलचा टॉवर, विजेच्या तारा, पलीकडे उभा असलेला तो गप्प गप्प माणूस. पूर्वी ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झचे सेट होते तेव्हा या संशयात दमही होता, कारण तुमच्याच चॅनेलवर दुसऱ्याने ट्रान्समीटर चालू केला की तुमची हेली तुमची राहायची नाही, म्हणून मैदानावर चॅनेलचा बिल्ला बोर्डावरून घेतल्याशिवाय कोणी बटणाला हात लावायचा नाही. पण बिल्ला माझ्या खिशात, मैदानात मी एकटा, तरी ग्लिच येतोच म्हटल्यावर मानावं लागतं की भेदी घरातलाच आहे.

आणि घरात एक नाही, भेद्यांचं संमेलन असतं. १८८७ च्या सुमारास हर्ट्झने रेडिओ लहरी पहिल्यांदा मुद्दाम तयार केल्या त्या ठिणगीतूनच, म्हणजे जिथे ठिणगी तिथे छोटं आकाशवाणी केंद्र. ब्रशवाली मोटर तर अखंड ठिणग्याच पाडते. तिच्यावर उपाय ठरलेला, ०.१ मायक्रोफॅरॅडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर, एक दोन टर्मिनलांच्या मधे आणि एकेक प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या डब्याला. डब्याला सोल्डर धरत नाही, आधी घासून घ्यावं लागतं, बोट भाजतं, होतं ते काम.

पण माझा भेदी ब्रशलेस मोटरच्या हेलीत होता, तिथे ब्रशच नाहीत. तो निघाला टेलचा बेल्ट! रबरी पट्टा पुल्यांवरून जोरात फिरतोय, हवा कोरडी, म्हणजे व्हॅन डी ग्राफने १९२९ मध्ये प्रयोगशाळेत केलं तेच मी टेल बूमच्या नळीत करून ठेवलेलं. बूम प्लास्टिकच्या क्लॅम्पमधे अधांतरी, त्यावर चार्ज साठत जातो आणि पुरेसा साठला की उडी मारतो फ्रेमवर, टिक्. त्या प्रत्येक टिक् ला सर्व्हो, म्हणजे स्वॉशप्लेट हलवणाऱ्या छोट्या मोटरी, दचकतात.

हे पकडायचं तर मेन आणि टेल दोन्ही ब्लेड काढायची, खोलीत पूर्ण अंधार करायचा, मोटर चालू करायची आणि थोडं लांबून बघत बसायचं. मी रात्री सगळे झोपल्यावर बसलो. झोपल्यावर असं मला वाटलं होतं.

"अहो, अंधारात काय करताय?"
"ठिणगी बघतोय."
"दिसली का?"
"दोनदा."
"मग झोपा आता."

झोपतोय कुठला! बूमपासून मोटर माउंटपर्यंत वायर जोडायची म्हणजे चार्ज साठणार नाही, उपाय इतका सोपा. फक्त बूमवर अॅनोडायझिंगचा चकचकीत थर असतो आणि त्यातून वीज वाहत नाही, म्हणजे नवीकोरी बूम स्वतःच्या हाताने खरवडायची. खरवडली. मल्टीमीटर लावला, त्याने पीऽऽप केलं आणि बेडरूममधून आवाज आला, "दाराची बेल झाली वाटतं दुरुस्त?"

बेलचा विषय वेगळा आहे.

बाकीचे भेदी किरकोळ म्हणावेत असे, पण छळायला पुरेसे. धातूवर धातू सैल घासत असला, एखादा स्क्रू ढिला असला की त्याचीही खरखर रिसीव्हरला ऐकू जाते, म्हणून लिंक प्लास्टिकच्या. रिसीव्हर मोटर आणि ईएससीपासून (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटपासून) लांब ठेवा असं सगळे सांगतात, पण वीतभर फ्रेममधे लांब म्हणजे किती लांब नेणार? जुन्या रिसीव्हरची अँटेना जवळपास मीटरभर, हेली त्याहून आखूड, आणि कापायची सोय नाही कारण रिसीव्हर त्या लांबीलाच जुळवलेला. नळीतून मागे न्या, लोंबू दिली तर टेल रोटर तिचा घास घेतो. मग फेराइटची, म्हणजे वायरीतली खरखर अडवणारी, रिंग आणायची, सर्व्होच्या वायरला पाच-सहा वेढे द्यायचे, वाईट उपाय नाही, पण लोक तो आधी करतात कारण तो सर्वात सोपा, वायरींचं जाळं मात्र तसंच मोटरला मिठी मारून बसलेलं.

खरं सांगू का, या सगळ्यात उपयोगाची चाचणी एकच. ब्लेड काढायची, ट्रान्समीटरची अँटेना मिटवायची आणि सर्व्हो कुठवर नीट ऐकतात ते चालत जाऊन बघायचं, आधी मोटर बंद ठेवून, मग चालू करून. चालू केल्यावर अंतर एकदम घटलं तर टॉवरला शिव्या देऊ नका. हेली धरायला मी भाच्याला उभा केला होता, तो दर दहा पावलांनी ओरडायचा, "मामा, अजून किती लांब जाणार?"

मग २.४ गिगाहर्ट्झ आलं आणि वाटलं सुटलो! मोटरची बरीचशी खरखर त्या पट्टीपर्यंत पोचतच नाही, अँटेनाचं कामाचं टोक फक्त ३१ मिलिमीटर, बिल्ल्याची भानगड नाही. फक्त कार्बनची फ्रेम या लहरींना आडवी येते, आणि दोन अँटेना असतील तर एकमेकींना काटकोनात ठेवायच्या, म्हणजे हेली कशीही वळली तरी एकीला तरी नीट ऐकू येतं. पण नवीन डिजिटल सर्व्हो सगळे एकदम जोर लावतात, बीईसीचा, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज पुरवणाऱ्या सर्किटचा, व्होल्टेज बसतो, रिसीव्हर क्षणभर झोपतो आणि हेली दगडासारखी खाली. हा शुद्ध पॉवरचा दोष, रेडिओचा संबंध नाही, तरी मैदानावर चार जण एका सुरात काय म्हणणार? इंटरफिअरन्स. चोर सोडून संन्याशाला फाशी.

परवाच एकाच्या हेलीची टेल सारखी डावी-उजवी हलत होती. मी म्हटलं जायरोचा (टेल स्थिर धरणाऱ्या सेन्सरचा) गेन, म्हणजे जोर, कमी करून बघ, त्याखालची टेप सुटलीये का तेही बघ. त्याने नवीन रिसीव्हर घेतला. टेल अजून हलतेच, आणि आता तो फेराइटची रिंग कुठे मिळेल विचारत फिरतोय.