‘नुसता आवाज तर वाढवतात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मास्टरिंग इंजिनिअर बॉब लुडविग यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, ते आवडलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मास्टरिंगवाला, म्हणजे गाणं बाहेर पडण्याआधी त्यावर शेवटचा हात फिरवणारा, दुसऱ्याच्या तयार गाण्याचा नुसता आवाज वाढवतो, अर्धा डेसिबल इकडे-तिकडे करतो. हे काम आता वेबसाइट दहा मिनिटांत करते, तेव्हा त्याचे देव्हारे माजवू नका. दोन ओळींत भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आवाजाचंच घेऊ. एलपीच्या जमान्यात आवाज वाढवणं हेच मोठं कसब होतं. आवाज मोठा असला, त्यातही खर्ज जास्त असला, की तबकडीवरची खाच रुंद हेलकावे घेते आणि जागा खाते. एका बाजूवर जास्त मिनिटं बसवायची तर आवाज उतरवावा लागतो. 1969 मध्ये लुडविगनी लेड झेपेलिन या रॉक बँडचा दुसरा अल्बम इतका दणदणीत कापला, म्हणजे तबकडीवर कोरला, की साध्या प्लेअरवर सुई उड्या मारायला लागली. अटलांटिक रेकॉर्ड्स ही कंपनी घाबरली आणि आवाज दाबून तबकडी पुन्हा कापून घेतली. त्या पहिल्या कापाच्या, लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीत ‘आरएल’ कोरलेल्या प्रतींसाठी संग्राहक आज भरमसाट पैसे मोजतात.

1982 चा मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ तर त्याहून बोलका. गाणी लांबली होती, एकेका बाजूवर फार मिनिटं कोंबली होती. चाचणीची तबकडी लावली तर आवाज पातळ, जीव नसलेला. मास्टरिंगला बर्नी ग्रंडमन होते, म्हणजे त्या धंद्यातला बाप माणूस. पण दुखणं त्यांच्या बटणांच्या आवाक्यातलं नव्हतंच. शेवटी निर्माते क्विन्सी जोन्स आणि ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडिन यांनी गाण्यांना कात्री लावली आणि एकेक गाणं पुन्हा मिक्स केलं, म्हणजे त्यातल्या सुट्या आवाजांचा मेळ नव्याने घातला.

मला सांगायचंय ते इथेच आहे. मास्टरिंगवाला हा गाणं ऐकणारा पहिला तिऱ्हाईत असतो. महिनोन् महिने तेच गाणं घोटणाऱ्यांना त्यातलं काही खटकेनासं होतं, जसा घरच्यांना घरचा वास येत नाही. ‘हे माझ्याकडे दुरुस्त होणार नाही, मिक्स परत उघडा’ असा फोन करणं हा या कामाचा मोठा भाग आहे. वेबसाइट तो फोन करत नाही. तुम्ही द्याल ते ती मुकाट घेते, चकाकी चढवते आणि परत देते.

अर्ध्या डेसिबलची थट्टा केलीत, त्यावरही बोलतो. आपल्याकडे घरगुती स्टुडिओ म्हणजे बहुधा दहा बाय दहाची खोली. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झचा खर्ज अडकून घुमतो. भिंतीपाशी तो ढणाणा वाजतो आणि खोलीच्या नेमक्या मध्यावर जवळपास नाहीसा होतो. लांबी-रुंदी सारखी असल्यामुळे ही भानगड दुप्पट. आता मध्यभागी खुर्ची टाकून मिक्स करणारा काय करतो? खर्ज ऐकू येत नाही म्हणून वाढवतो. मग गाडीत तेच गाणं लावलं की दरवाजे थरथरतात. ज्याची खोली आणि स्पीकर खोटं बोलत नाहीत, त्याला हे पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं. तिथे अर्धा डेसिबल पुरत नाही, तीन-चार काढावे लागतात. गाण्यात बाकी सगळं जमलेलं असेल तर मात्र अर्धा पुष्कळ झाला. कधी कधी काहीच न करणं योग्य असतं, आणि त्याचे पैसे मागायला धाडस लागतं!

‘मोठं म्हणजे चांगलं’ या समजाची परीक्षा 2008 मध्ये झाली. मेटॅलिका या बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ इतका चेपलेला, म्हणजे लहान-मोठ्या आवाजातला फरक दाबून टाकलेला निघाला, की ‘गिटार हिरो’ या खेळातली तीच गाणी जास्त मोकळी वाटतात म्हणून चाहते चिडले. शिव्या खाल्ल्या मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सननी. प्रत्यक्षात मिक्स त्यांच्याकडे आले तेच चेपलेले होते. त्याच वर्षी लुडविगनी गन्स अँड रोझेसला ‘चायनीज डेमॉक्रसी’चे कमी-अधिक चेपलेले तीन नमुने दिले, आणि बँडने सगळ्यात मोकळा निवडला. आता तर स्पॉटिफाय सगळी गाणी उणे 14 एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) च्या आसपास आणून वाजवतं. दाबून मोठं केलेलं गाणं तिथे खाली उतरतं, आणि दाबताना गेलेला ठोका काही परत येत नाही.

राहता राहिला पैशांचा मुद्दा. इन्स्टासाठी एकच गाणं टाकायचं असेल तर तुमचं बरोबर आहे, वेबसाइट वापरा. फक्त आधीची आणि नंतरची फाइल सारख्या आवाजावर आणून मग ताडून बघा, कारण मोठ्या आवाजात खर्ज आणि तार सप्तक कानाला भरून येतात आणि कुठलंही गाणं सुधारल्यासारखं वाटतं. सहा-आठ गाण्यांचा अल्बम असेल तर माणसाकडे जा. कुठलं गाणं कशानंतर यावं, मध्ये किती सेकंद शांतता ठेवावी, यावर त्याच्याशी भांडता येतं. आणि फाइल 24 बिट वेव्हच पाठवा, एमपीथ्री नको. मास्टर बसवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात त्या शेवटच्या वाटेवर, नुसता आवाज चढवायला टाकलेला लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) काढून ठेवा.