निवासी शाळेत साथ आली की मुलांना लगेच घरी धाडू नका

आश्रमशाळा असो, वसतिगृह असो की खासगी निवासी शाळा. रात्रीतून दहा-बारा मुलांना उलट्या-जुलाब सुरू झाले की सकाळचा कार्यक्रम ठरलेला असतो. पालकांना फोन जातात, "मुलं घेऊन जा." स्वयंपाकघर धुऊन लख्ख होतं. कुणीतरी टाकीत दोन मुठी टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकतं. दहा वाजता आरोग्य पथक पोहोचतं तेव्हा तपासायला काही उरलेलंच नसतं.

सगळ्यात घातक म्हणजे मुलं पांगवणं. आज धडधाकट दिसणारं पोर उद्या पाड्यावर आजारी पडतं. तिथे गाडी दिवसातून एकदा, रस्ता पावसावर अवलंबून आणि घरात एकच हंडा सगळ्यांना. शाळेत निदान लक्ष ठेवायला माणूस असतो आणि 108 दारापर्यंत येते. पालक ऐकतच नसतील तर अडवू नका, पण गाव आणि फोन लिहून घ्या आणि त्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा.

पहिलं काम म्हणजे फोन. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. "आधी खात्री करू, बदनामी नको" यातच बहुतेक ठिकाणी दिवस जातो. दुसरं काम वही. नाव, इयत्ता, खोली, गाव, पहिलं लक्षण कोणतं आणि ते किती वाजता सुरू झालं, आधीच्या तीन जेवणांत काय खाल्लं, पाणी कुठलं प्यायलं. "काल रात्री" असं लिहू नका, वेळ लिहा. जेवणानंतर दोन-चार तासांत सगळ्यांना एकदम उलट्या झाल्या असतील तर बोट जेवणाकडे जातं. आज पाच, परवा आणखी आठ, तेही शेजारच्या कॉटवरचे, तर ते हातांतून आणि संडासातून पसरतंय. आजारी न पडलेल्या मुलांनाही हेच प्रश्न विचारा. हे जवळपास कुणीच करत नाही. आजारी मुलांपैकी सगळ्यांनी मठ्ठा प्यायला एवढ्यावर मठ्ठा दोषी ठरत नाही. धडधाकट मुलांनीही तोच प्यायला असेल तर?

उरलेलं अन्न फेकू नका, झाकणबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. एरवीसुद्धा रोजच्या जेवणाचा वाटीभर नमुना किमान 24 तास ठेवायची सवय हवी. पाण्याचा नमुना टीसीएल टाकायच्या आधी घ्यायचा, तोही आरोग्य कर्मचाऱ्याने आणलेल्या निर्जंतुक बाटलीत. आधी टीसीएल, मग नमुना, असं केलं की अहवाल "पिण्यास योग्य" येतो, सगळे निर्धास्त होतात आणि फुटलेली पाइपलाइन तशीच राहते.

नमुना झाला की टाकी रिकामी करून घासा. तळाला गाळ आणि शेवाळ असेल तर क्लोरीन त्यातच खर्च होतो. मग 1000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल. मुठीने नाही. किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा वजन करून एखाद्या झाकणावर खूण करून ठेवा. पावडर थेट टाकीत टाकायची नसते. बादलीत कालवा, पावडरीतला चुना खाली बसू द्या, वरची निवळी तेवढी ओता. तासभर थांबा आणि ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकून पाण्यातला क्लोरीन बघायची चाचणी, करा, तीही टाकीवर नाही, शेवटच्या नळावर. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर नाही. वास उडालेली, गोळे झालेली टीसीएल असेल तर मोजमाप कितीही अचूक करा, उपयोग नाही. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो. उघड्या पोत्यात, दमट खोलीत तो उडून जातो.

आजारी मुलांना वेगळी खोली आणि वेगळा संडास द्या. उलटी-जुलाब पूर्ण थांबल्यावर 48 तास तिथेच ठेवा. कामाठी किंवा स्वयंपाकी आजारी असेल तर त्यालाही हाच नियम, पगार न कापता. पगार कापला तर तो सांगणारच नाही, पोळ्या लाटत राहील.

जमिनीवरची उलटी झाडूने ओढू नका, फिनेलच्या वासावरही भरवसा ठेवू नका. हातमोजे, मास्क घाला, जुनं फडकं टाका, 1 लिटर पाण्यात 15 ग्रॅम टीसीएलचं द्रावण ओता, दहा मिनिटं थांबा, मग पुसा. हे द्रावण अ‍ॅसिडमध्ये मिसळू नका, विषारी वायू निघतो. हातांना लावायचा सॅनिटायझर नोरोव्हायरसवर, म्हणजे उलट्या-जुलाब पसरवणाऱ्या विषाणूवर, फारसा चालत नाही. साबणच हवा. वडी चोरीला जाते म्हणून साबण ऑफिसात ठेवणाऱ्या शाळा आहेत. जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधा.

ओआरएसचं मोठं पाकीट म्हणजे 1 लिटर पाणी. अर्धं पाकीट पेल्यात घालून पाजणं धोक्याचं आहे. पाकिटावरचं प्रमाण वाचा, 200 मिलिलिटरची छोटी पाकिटंही मिळतात. कालवलेलं पाणी 24 तासांनी फेका. डब्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. 2025 साली एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, त्यांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. डोळे खोल गेले, लघवी थांबली, पोर सुस्त झालं, शौचात रक्त दिसलं, तर पाजत पाजत दवाखाना गाठा.

हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित पाण्यातून होणारी कावीळ, हा प्रकार वेगळा. संसर्गानंतर ती 15 ते 50 दिवसांनी दिसते आणि डोळे पिवळे व्हायच्या आधीचे दोन आठवडे मूल जंतू पसरवत असतं. म्हणजे आज टाकी चकचकीत केली तरी महिनाभर नवे रुग्ण निघणारच. "काम करूनही वाढतेय" म्हणत पालकसभेत अधीक्षकाची खरडपट्टी काढली जाते, ती बहुधा चुकीच्या कारणासाठी असते. विचारायचं ते हे: टाकी कधी धुतली, ओटी टेस्टची रोजची नोंद कुठे आहे, संडासाचा पाइप पाण्याच्या पाइपाजवळून जातो का? बाकी, कावीळ "उतरवणाऱ्या"कडे नेऊन नाकाडोळ्यांत औषध घालून घेऊ नका. मूल असंबद्ध बोलायला लागलं, दिवसा झोपून राहायला लागलं किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच तासाला जिल्हा रुग्णालयात न्या.