कावळ्याने आंब्यावर घरटं केलं म्हणून पाऊस चांगला होतो असं नाही

वळवाचे दोन पाऊस होऊन गेले की आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो मेसेज फिरतोच. यंदा तो मामांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: कावळ्याने आंबा, करंज अशा झाडावर घरटं केलं तर पाऊस भरपूर, बाभळी-बोरीवर केलं तर दुष्काळ. घरटं झाडाच्या पूर्व अंगाला असेल तर उत्तम, शेंड्यावर असेल तर अवर्षण. टिटवीने जितकी अंडी घातली तितके महिने पाऊस, आणि अंडी उंचवट्यावर असतील तर पूर. सुगरणीचं घरटं विहिरीत खोल लोंबलं तर पाणी कमी. मुंग्या अंडी घेऊन भिंत चढू लागल्या की पाऊस दारात. आणि शेवटची ओळ: ‘हवामान खातं चुकेल, पाखरं चुकणार नाहीत.’

मामा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात भात करतात. धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत केलेली पेरणी, कधी करायची हा त्यांच्यासाठी पैशाचा प्रश्न आहे. बी मातीत पडलं आणि पाऊस लांबला तर दुबार पेरणी बोकांडी बसते. “बघ की, औंदा कावळ्यानं आंब्यावरच बांधलंय. रोहिणीतच पेरून मोकळं व्हावं म्हणतो,” असं ते फोनवर म्हणाले, तेव्हा या मेसेजला मुद्द्यांनिशी उत्तर द्यायचं ठरवलं.

झाडापासून सुरुवात करतो, कारण मेसेजचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. आपला बेळगाव जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे एकदा बघत जा. पश्चिमेला कणकुंबी, जिथे मलप्रभा उगम पावते. पावसाळ्यात तिथे दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. तिथपासून जांबोटीपर्यंत आंबा, फणस, जांभूळ. पूर्वेला अथणी. वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटरवर भागवणारा मुलूख, बांधाला बाभूळ आणि कडुलिंब. कावळा दोन्हीकडे आहे आणि जे झाड समोर आहे त्यावर तो बांधतो. म्हणजे बाभळीवरची घरटी कमी पावसाच्या गावांत जास्त दिसणार आणि आंब्यावरची जास्त पावसाच्या गावांत, हे सरळ आहे. जुन्या माणसांनी हे पाहिलं असेल तर ते खरंच पाहिलं. पण ते नातं झाड आणि पाऊस यांचं आहे, आणि तेही गावागावांतल्या फरकाचं. मेसेजने ते उचलून एकाच गावातल्या वर्षावर्षांच्या फरकाला लावलं. इथे सगळी चूक आहे.

2019 चं वर्ष आठवा. त्या उन्हाळ्यात अथणी-चिकोडीकडे कृष्णेचं पात्र कोरडं पडलं होतं, कोयनेतून पाणी सोडा म्हणून मागणी चालली होती. आणि ऑगस्टमध्ये त्याच कृष्णेच्या पुराने गावं रिकामी करावी लागली. ते पाणी प्रामुख्याने महाबळेश्वर-कोयनेकडच्या पावसाचं होतं. अथणीच्या बाभळीवर बसलेल्या कावळ्याला त्याचा सुगावा एप्रिलमध्ये कुठून लागणार? आमच्याच बांधावरचा रायवळ आंबा घ्या. 2019 ला त्याच्यावर घरटं होतं, 2023 लाही होतं, जवळजवळ त्याच बेचक्यात. 2023 चा ऑगस्ट हा देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला आणि कर्नाटकातले बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर झाले. झाड तेच, फांदी तीच, पाऊस मात्र दोन टोकांचा.

आता कावळा जागा कशी निवडतो ते. त्याला भक्कम बेचकं लागतं, वरून शत्रू दिसेल एवढी उंची लागते आणि जवळपास माणसाची वस्ती, म्हणजे खाणं लागतं. अंडी उबवायला सोळा-सतरा दिवस, पिलं उडती व्हायला आणखी तीन-चार आठवडे. एवढ्या दीड महिन्याची त्याला काळजी असते. त्या काळात आपल्याकडे वळवाचं वारं सुटतं, गारा पडतात, आणि कोकिळा त्याच्या घरट्यात अंडं घालायला टपलेली असते. जूनपासून पुढे चार महिने काय होणार याच्याशी त्या घरट्याचा संबंधच येत नाही, कारण तोवर बहुतेक पिलं उडून गेलेली असतात. शहरात तर कावळे मोबाइलच्या टॉवरवर तारांची घरटी करतात. टॉवर कुठल्या झाडात धरायचा, हे मेसेज सांगत नाही.

टिटवीबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तिच्या बाबतीत हा मेसेज नुसता चुकीचा नाही, तिला मारणारा आहे.

टिटवी साधारणपणे चार अंडी घालते. पावसाळा चांगला असो की वाईट, चारच, कधी तीन. चिखलात, पाणवठ्यावर राहणाऱ्या तिच्या अनेक भाऊबंदांचीही हीच रीत आहे. निमुळती टोकं आत करून चार अंडी बरोबर एकमेकांत बसतात आणि पोटाखाली मावतात. तेव्हा ‘चार अंडी, चार महिने पाऊस’ हे भाकीत दर वर्षी लागू पडल्यासारखं वाटणारच.

उंचवट्याचं म्हणाल तर तिला मोकळी, खडे असलेली, चारी बाजूंनी नजर पोचणारी जमीन हवी असते. मार्च-एप्रिलनंतर आपल्याकडे रानं नांगरून, कुळवून ठेवलेली असतात. मग न हललेली जागा उरते ती बांधावर, माळावर, खडीच्या ढिगावर. म्हणून अंडी उंचावर दिसतात. हल्ली सपाट गच्चीवरही टिटव्या अंडी घालतात. शिवाय एकदा अंडी मोडली, मुंगसाने वा कुत्र्याने नेली, की ती जोडी त्याच हंगामात दुसरीकडे पुन्हा अंडी घालते. आधी सखल रानात, नंतर बांधावर. मेसेजच्या हिशेबाने त्या एकाच जोडीने आधी कमी पाऊस आणि मग पूर सांगितला. यातलं कुठलं धरून मामांनी पेरायचं?

आणि मारणारा का म्हणतो ते. गेल्या वर्षी आमच्या ग्रुपवर एकाने चारही अंडी तळहातावर घेऊन फोटो टाकला, ‘चार महिने फिक्स’ असं लिहून. फोटोतल्या सावल्या दुपारच्या होत्या. मेच्या उन्हात टिटवी उबवण्यापेक्षा अंडी गार ठेवण्यासाठीच जास्त झटते. अंड्यांवर उभी राहून सावली धरते, पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. नर आणि मादी दोघंही पाळी घेतात, जवळजवळ महिनाभर. आपण तिथे उभे राहिलो की ती उठते, डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहते, आणि तेवढा वेळ अंडी उघडी तापतात. आतला जीव तिथेच जातो. वर आपल्या येण्याजाण्याने कावळ्यांना आणि कुत्र्यांना जागा कळते ती वेगळीच. हात लागला म्हणून आई अंडी टाकते, असंही त्या फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं. नुसत्या हाताच्या वासाने पक्षी अंडी वा पिलं टाकून देत नाहीत. घरट्यातून पडलेलं बिनपिसांचं पिल्लू उचलून परत घरट्यात ठेवायला अजिबात भिऊ नका. नुकसान होतं ते आपण तिथे रेंगाळल्याने.

सुगरणीचा मुद्दा तर उलटाच मांडलाय. घरटं विणतो नर, मादी नव्हे. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी 1930 च्या सुमारास किहीमला सुगरणींच्या वसाहतीवर नजर ठेवली होती. नर घरटं अर्धं विणून थांबतो, मादी येऊन तपासते, तिला पसंत पडलं तर तो पुरं करतो आणि पुढचं सुरू करतो, हे त्यांनी नोंदवलं. विणायला लागतात गवताच्या, भाताच्या हिरव्या लांब पाती. त्या मिळतात पाऊस पडल्यावर. म्हणजे सुगरण पावसाच्या मागून येते, ती पुढचं काय सांगणार? विहिरीवर, पाण्यावर घरटी लोंबवायची ती साप-उंदरांना पोचता येऊ नये म्हणून. एक गोष्ट मात्र कबूल करतो. सुगरणींच्या वसाहती बहुधा झाडाच्या पूर्व बाजूला असतात, नैर्ऋत्येच्या वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून असं मानलं जातं. मेसेजमधली ‘पूर्व’ कदाचित इथूनच आली असेल. पण नैर्ऋत्येचा वारा दुष्काळातही नैर्ऋत्येकडूनच येतो.

मुंग्या जमिनीतल्या ओलीप्रमाणे अंडी हलवतात. परसात पाणी सोडलं तरी हलवतात. त्यात हंगामाचं काही नाही.

राहिली शेवटची ओळ. हवामान खातं चुकतं, मान्य. त्यांचा मोसमाचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये येतो आणि मेअखेरीस ते तो सुधारून देतात, म्हणजे महिन्याभरात आपलंच म्हणणं पुन्हा तपासतात. शिवाय शेतकऱ्यांसाठी दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाच दिवसांचा अंदाज आणि पिकाचा सल्ला निघतो. मामांना मी तोच बघायला सांगितलं, आणि वीतभर खाली माती उकरून ओल किती गेलीय ते बघायला. धूळवाफ टाकायची की थांबायचं, ते त्यावर ठरवूया म्हटलं.

परवा त्यांचा पुन्हा फोन आला. कुळवायला ट्रॅक्टर लावलाय आणि मधल्या पट्टीत टिटवीची तीन अंडी दिसलीत, ट्रॅक्टरवाला पोरगा थांबून राहिलाय, काय करू म्हणून विचारत होते. म्हटलं, मामा, चार बाजूंना चार काठ्या रोवा, तेवढी जागा सोडून बाकीचं कुळवा, आणि तिथनं लवकर बाजूला व्हा. “बरं,” म्हणाले, आणि पोराला हाक मारलेली मला फोनवर ऐकू आली.