लेकरं दुष्काळानं घडत नसतात

दसरा जवळ आला तसा आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक जुना मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. त्यात म्हटलंय: बहात्तरच्या दुष्काळात मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, खाऊन, खडी फोडून वाढलेली पिढी बघा, कशी पोलादी निघाली. महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तिथली पोरंही खचली नाहीत. लहान लेकराला काय कळतं, ते विसरून जातं. ऊसतोड कामगाराचा मुलगा अधिकारी होतो, सुखात वाढलेला नापास झाला की कोलमडतो. म्हणून गरिबी हीच खरी शाळा.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हा मेसेज माझ्याच सहकाऱ्यांनी पुढं पाठवला याचं फार वाईट वाटलं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी बहात्तर. माझी आई तेव्हा नऊ वर्षांची होती. नाला बांधाच्या कामावर तिनं मातीच्या पाट्या वाहिल्या. ती कणखर आहे, यात वाद नाही. पण तिच्या पाठची बहीण त्याच उन्हाळ्यात हगवणीनं गेली. जे तगले तेवढेच आज आपल्यासमोर बसून गोष्टी सांगतात आणि त्यांच्याकडं बघून आपण दुष्काळाला शाबासकी देतो. शिवाय ते तगले कशावर? मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हातात मजुरी पडत होती, लेकरांना सुकडी, म्हणजे सरकारनं वाटलेला पौष्टिक कोरडा खाऊ, मिळत होती. आई अजून त्या सुकडीची चव सांगते. लेकरं जगली ती या आधारानं. त्याचं श्रेय उपासमारीला कसं द्यायचं?

लंडनचा दाखला तर मेसेजच्या उलट जातो. युद्धाच्या त्या वर्षांत ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी बालमनोविश्लेषकांनी तिथं लहान मुलांसाठी पाळणाघरं चालवली आणि मुलांच्या बारीक नोंदी ठेवल्या. आईजवळ राहून बॉम्बहल्ले सोसलेल्या मुलांपेक्षा, सुरक्षित ठिकाणी पण आईपासून लांब पाठवलेली मुलं जास्त बिथरलेली त्यांना दिसली. म्हणजे लेकराला सावरणारं माणूस जवळ होतं की नव्हतं, यावर पुष्कळ ठरत होतं. आपल्याला हे कळायला लंडनला जायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती तेव्हा, किल्लारीची जमीन हलली. माझ्या ओळखीच्या एक बाई तेव्हा पाच वर्षांच्या होत्या. आजीनं त्यांना पुढं कित्येक महिने पोटाशी घेऊन झोपवलं, म्हणून मी उभी राहिले, असं त्या म्हणतात. दाराची कडी लावून झोपणं मात्र त्यांना आजही जमत नाही.

आता ‘लेकरू विसरून जातं’ हा मुद्दा. सगळ्यात जास्त नुकसान यानंच होतं, म्हणून इथं जरा थांबते.

थोडा ताण लेकराला पेलतो. शाळेचा पहिला दिवस असतो, रडतं, घरी येऊन आईला बिलगतं, शांत होतं. धोका दिसला की शरीर कॉर्टिसॉल सोडतं आणि धोका टळला की ते उतरतं. पण भूक, मारहाण, घरातली भांडणं, दर काही दिवसांनी बदलणारा ऊसतोडीचा फड, असं महिनोन्‌महिने चाललं आणि जवळ घेणारं कुणी नसलं, तर शरीर सावधपणा सोडतच नाही. त्याचा भार झोपेवर, आठवणीवर, एका जागी लक्ष लावण्यावर पडतो, आणि तोही मेंदू भराभर वाढत असतानाच. रुमानियातल्या अनाथालयांतल्या १३६ बाळांचा अभ्यास २००० साली सुरू झाला. त्यातली काही चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून पालक कुटुंबांत दिली. वयाची दोन वर्षं व्हायच्या आत कुटुंबात गेलेली बाळं पुढं जास्त सावरली. त्या वयातलं कुठल्याच बाळाला आठवत नसतं, शरीरावर मात्र ते राहतं.

फडावरून परत आलेला दुसरीतला एक पोरगा माझ्या वर्गात होता. खिडकी आपटली की दचकायचा, दिवसभर दाराकडं बघत बसायचा. मी त्याच्या प्रगतिपत्रकावर लिहिलं, ‘अभ्यासात लक्ष नाही.’ ते वाक्य मला आजही टोचतं. फडावरच्या कोपीबाहेर, म्हणजे पाचटाच्या झोपडीबाहेर, धाकटीला राखता राखता त्यानं सहा महिने येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रॅक्टरवर डोळा ठेवला होता. लक्ष त्याचं होतंच, फक्त फळ्याकडं नव्हतं.

आणि घरची मोठी माणसं? तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ साली आला. तेच शेतकरी ऊस जाऊन पैसा हातात आल्यावर बुद्धीच्या चाचण्यांत वर आले, तोडणीआधीच्या चणचणीत मागं पडले होते. जाणत्या माणसाचं डोकं चणचणीनं असं व्यापतं, तर टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल डोक्यावर असलेल्या आईबापांनी लेकराशी गोष्टी करायला मन कुठून आणायचं? यात त्यांचा दोष काढू नये.

राहिला अधिकारी झालेला मुलगा. त्याचा मलाही अभिमान आहे. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांवर मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक वर्षं लक्ष ठेवलं. गरिबी आणि घरातल्या अडचणी दोन्ही वाट्याला आलेली त्यात सुमारे २०० होती. त्यांतली तिनातली एक नीट उभी राहिली आणि अशा मुलांच्या आयुष्यात बहुधा आजी, शेजारीण, शिक्षक असं एखादं कायमचं माणूस होतं. उरलेल्या दोघांचे सत्कार होत नाहीत, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत. अधिकाऱ्यालाच विचारा, आईबाप फडावर असताना तू कुणाकडं जेवत होतास?

सुखात वाढलेल्या मुलालाही त्याची दुःखं असतात. त्याला हिणवून ऊसतोडीच्या लेकराचं काही भलं होत नाही.

आधार कामी येतो, याचा पुरावा जमैकात आहे. वाढ खुंटलेल्या १२९ बाळांपैकी काहींच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला एक कार्यकर्ती जायची, बाळाशी कसं खेळायचं, बोलायचं ते आईला दाखवायची. वीस वर्षांनी ती मुलं, जिथं अशी कार्यकर्ती गेली नाही त्यांच्यापेक्षा २५ टक्के जास्त कमावत होती.

आमच्या गावात दसऱ्यानंतर ऊसतोड टोळ्यांच्या गाड्या लागतील. माझ्या वर्गातली नऊ लेकरं जायच्या बेतात आहेत. चौघांच्या आज्या गावात थांबणार आहेत, त्या लेकरांची नावं हंगामी वसतिगृहाच्या, म्हणजे आईबाप फडावर असताना लेकरांना गावातच सांभाळणाऱ्या सोयीच्या, यादीत घातलीत. पाच घरांचं अजून ठरत नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्या पाचही घरी जाणार आहे. मेसेज पाठवणाऱ्या सरांनाही सोबत चला म्हटलंय. त्यातल्या दोघांच्या बापांना त्यांनीच शिकवलंय, त्यांचा शब्द ती माणसं ऐकतील.