‘अक्षता पडल्या म्हणजे संपलं’ हे खरं नाही

आमच्या तालुक्यात एक मजकूर भावकीच्या, बचत गटाच्या, दहावीच्या जुन्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हापुन्हा येतो. थोडक्यात तो असा: ‘आईवडिलांनी विधिवत लावून दिलेलं लग्न कुठलंच कोर्ट मोडत नाही. मुलगी लहान असली तरी सप्तपदी झाली की ती बायको. तक्रार केली तर आईबाप तुरुंगात आणि मुलगी रस्त्यावर. अठरा पूर्ण झालेल्या मुलीच्या बाजूने तर कायदाच नाही. सरकार नुसत्या जाहिराती करतं. पोरींच्या डोक्यात भलतंसलतं भरू नका.’

मी विधी सेवा समितीची स्वयंसेवक आहे. हा मजकूर मला एका मुलीनेच दाखवला. सोळाव्या वर्षी, दहावीची परीक्षा संपल्यावर तिचं लग्न लावलेलं. सासरी ऊसतोडीची टोळी. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मोबाइलच्या कव्हरमागे तिने शाळा सोडल्याचा दाखला चार घड्या घालून लपवला होता. घड्यांवर कागद फाटायला आलेला. ग्रुपवरचा मजकूर माझ्यापुढे धरून तिने एवढंच विचारलं, “ताई, हे खरं असंल तर सांगा. पाचची एसटी आहे, मी परत जाते.”

तिला तेव्हा जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहिते.

‘कोर्ट लग्न मोडत नाही’ हे पहिलं वाक्यच चुकीचं आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ (लागू १ नोव्हेंबर २००७) याचं तिसरं कलम सांगतं की लग्नाच्या वेळी मुलगी अठराच्या आत किंवा मुलगा एकवीसच्या आत असेल, तर त्या अल्पवयीन व्यक्तीला ते लग्न रद्द करून मागता येतं. अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. कौटुंबिक न्यायालय असेल तिथे त्या न्यायालयात. हा घटस्फोट नव्हे. नवरा राजी नसेल तर घटस्फोटाला त्याचा छळ किंवा असं काही कारण सिद्ध करावं लागतं. इथे दोनच गोष्टी दाखवायच्या असतात: लग्नाची तारीख आणि जन्माची तारीख. म्हणून तर त्या फाटक्या दाखल्याला एवढी किंमत आहे.

मुलगी अजून अठराच्या आत असेल, तर पालक किंवा तिच्या बाजूने उभी राहणारी दुसरी व्यक्ती बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याला सोबत घेऊन अर्ज करते. अठरा झाले की ती स्वतः करते. पण सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे मुलीने वीस पूर्ण होण्याआधी. हा मजकूर मला सगळ्यात जास्त इथे खुपतो. तो वाचून मुलगी गप्प बसते, आणि ती गप्प बसलेली असताना तिची मुदत सरत असते. एकविसाव्या वर्षी खरं कळलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांनाही मार्ग उरतो, पण तो घटस्फोटाचा, लांबचा आणि खर्चाचा.

मजकुरात अर्धवट खरं आहे ते मान्य करते. महाराष्ट्रात अठराच्या आतलं लग्न आपोआप रद्द होत नाही. मागितल्याशिवाय ते कायम राहतं. शेजारच्या कर्नाटकाने २०१७ मध्ये आपल्यापुरती दुरुस्ती लागू करून असं लग्न मुळातच शून्य ठरवलं. आपणही ते करायला हवं. मात्र आपल्याकडेही याच २००६ च्या कायद्याचं बारावं कलम आहे. अल्पवयीन मुलीला पळवून, बळजबरीने किंवा फसवून नेऊन, अथवा लग्नासाठी विकून लावलेलं लग्न पहिल्यापासूनच शून्य. न्यायालयाचा मनाई हुकूम मोडून लावलेलंही तसंच.

‘सप्तपदी झाली की ती बायको’ या वाक्याला महाराष्ट्राने सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वीच तोंड दिलं आहे. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मोठ्या झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला, तेव्हा नवरा दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई म्हणाल्या, कैद चालेल. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन परतल्या. त्या वेळी त्यांच्या बाजूने कायद्याचं एकही कलम नव्हतं. आज आमच्याकडे येणाऱ्या मुलीजवळ ते आहे आणि तरीही तिला कोणी ते सांगत नाही, याची मला चीड येते.

‘बायको’ शब्दाआड जे झाकलं जातं त्याचंही उत्तर ठरलेलं आहे. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पत्नी अठराच्या आत असेल तर तिच्याशी शरीरसंबंध हा बलात्कारच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नवऱ्याला मिळणारी सूट अठरा वर्षांच्या आतल्या पत्नीबाबत नाही. पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, वेगळा लागतोच.

आता आईबापांच्या तुरुंगाची भीती. मुलींना हीच सगळ्यात जास्त अडवते. बापाने मारलं असलं तरी बाप आत जाऊ नये असं तिला वाटतं, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. म्हणून हे नीट समजून घ्या. लग्न रद्द करण्याचा अर्ज दिवाणी स्वरूपाचा आहे. त्या अर्जाने कोणालाही शिक्षा होत नाही. लग्न लावणाऱ्यांवरचा गुन्हा वेगळा. त्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तो नवरदेव सज्ञान असेल तर त्याला, लग्न लावणाऱ्या भटजीला, मदत करणाऱ्यांना आणि पालकांनाही लागतो, पण याच कायद्यात लिहिलंय की कोणत्याही स्त्रीला कैदेची शिक्षा देता येणार नाही. ‘माझ्या आईला नेतील’ म्हणून रडणाऱ्या मुलीला मी हे वाक्य छापील कायद्यात बोट ठेवून दाखवते.

आणि लग्नाआधी खबर लागली तर बहुतेक वेळा तुरुंगापर्यंत गोष्ट जातच नाही. सुपारी फुटली, बस्ता झाला, मांडव पडला, यातल्या कुठल्याही टप्प्यावर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी लग्नाला मनाई करू शकतात. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार लग्नाच्या दारात उभी असलेली अल्पवयीन मुलगी ही काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक ठरते. तिला बाल कल्याण समितीसमोर नेतात, आईवडिलांचं समुपदेशन होतं, हमीपत्र लिहून घेतात. हळद लागलेल्या हातांनी मुलगी समितीसमोर बसलेली मी पाहिली आहे. बाहेर तिचे वडील व्याह्याने दिलेले पैसे कसे फेडायचे म्हणून कपाळाला हात लावून बसले होते. त्या दिवशी कोणीही तुरुंगात गेलं नाही.

‘मुलगी रस्त्यावर’ याबद्दल मी जपून लिहिणार आहे, कारण इथे कागद आणि प्रत्यक्ष यांत अंतर आहे. कागदावर काय आहे ते आधी. लग्न रद्द करतानाच न्यायालय तिला पुन्हा लग्न होईपर्यंत पोटगी आणि राहायची सोय देण्याचा आदेश करू शकतं. नवरा अल्पवयीन असेल तर पोटगी त्याच्या पालकांकडून. दागिने, पैसे, भेटवस्तू ज्याच्या त्याला परत. मूल झालं असेल तर ते औरसच. मुलाला बाप राहणार नाही ही धमकी सासरचे हमखास देतात, ती पोकळ आहे. मुलाच्या ताब्याचा निर्णय त्याचं हित पाहून होतो. वकील मोफत: १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कुठल्याही स्त्रीला आणि बालकाला, उत्पन्नाची अट न लावता. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथे डॉक्टर, पोलीस मदत, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंत निवारा एका छताखाली मिळतो. पुढे महिलांसाठी शक्ती सदन हे निवारागृह, अल्पवयीन मुलींसाठी बालगृह.

प्रत्यक्षात पाच दिवस फार थोडे पडतात. पुढच्या निवाऱ्याची चिठ्ठी मिळेपर्यंत मुलीला बाकावर ताटकळावं लागतं आणि तेवढ्यात मामा-काका गाडी घेऊन येतात. एका ठाण्यात तर ‘घरचा मामला आहे, मिटवून घ्या’ म्हणून मुलीला त्याच गाडीत बसवून दिलेलं मी स्वतः पाहिलं. पण यावरून ‘कायदाच नाही’ असं म्हणणाऱ्याला मी विचारेन, दवाखान्यात गर्दी असते म्हणून आजाऱ्याला औषधच नसतं असं सांगाल का? ठाण्यात ऐकलं नाही तर बाल कल्याण समिती आहे, संरक्षण अधिकारी आहे, थेट दंडाधिकारी आहेत. आम्ही त्या मुलीला चौथ्या दिवशी पुन्हा बाहेर काढलं ते याच वाटेने.

सज्ञान मुलीबद्दलचा दावा तर सरळ खोटा आहे, आणि तो जास्त घातक, कारण सक्तीच्या लग्नात अडकलेल्या कितीतरी मुली एकोणीस-वीस-बावीसच्या असतात. बळजबरीच्या लग्नासाठी आपल्याकडे स्वतंत्र नावाचा एक कायदा नाही, हे खरं. पण तरतुदी जागोजागी आहेत. हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमानुसार बळाने किंवा फसवून घेतलेली संमती म्हणजे लग्न रद्द करायचं कारण. इथेही मुदत आहे: बळजबरी थांबल्यापासून किंवा फसवणूक कळल्यापासून एक वर्ष, आणि मधल्या काळात ती राजीखुशीने नांदलेली नसावी. विशेष विवाह कायद्यातही सक्तीने झालेलं लग्न रद्द करून मागता येतं. निकाहात तर मुलीच्या कबुलीशिवाय निकाहच होत नाही. लग्न करायला भाग पाडण्यासाठी स्त्रीला पळवून नेणं हा न्याय संहितेच्या ८७ व्या कलमाखाली दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे.

लग्न व्हायच्या आधीच घरात कोंडलं असेल तर? कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त सासरच्यांविरुद्ध असतो, असा समज वकिलांपर्यंत पसरलेला आहे. पण हा कायदा माहेरालाही लागू होतो. या कायद्याच्या नियमांना जोडलेला, पीडितेला तिचे हक्क समजावणारा एक फॉर्म आहे. त्यात भावनिक छळाच्या यादीत स्पष्ट नोंद आहे: इच्छा नसताना लग्न करायला लावणं, आपल्या पसंतीच्या माणसाशी लग्न करू न देणं, त्यांनी ठरवलेल्याच माणसाशी करायला लावणं. म्हणजे बावीस वर्षांची मुलगी वडिलांविरुद्ध, भावाविरुद्ध संरक्षण आदेश मागू शकते, आणि २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर घरातल्या बाईविरुद्धही. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत ठेवायची असते, आणि गरज असेल तर समोरच्याला न ऐकताही तात्पुरता आदेश मिळतो. जातपंचायत मधे पडून वाळीत टाकायची धमकी देत असेल, तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि २७ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं आहे की दोन सज्ञान व्यक्तींनी लग्नाचं ठरवलं की कुटुंबाची, जातीची संमती लागत नाही.

राहिलं ‘सरकार नुसत्या जाहिराती करतं’. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. परभणीत ४८ टक्के. हे आकडे पाहिल्यावर सरकारने पुरेसं केलं असं कोण म्हणेल? मीही म्हणत नाही. पण यंत्रणा गावातच आहे. ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, आणि अंगणवाडी सेविका त्याची सहायक. सेविकेला त्याच गावात राहायचं असतं, सरपंचाच्या घरचं लग्न असेल तर तिची जीभ अडखळते, हे मला माहीत आहे. म्हणून खबर गावाबाहेरूनही देता येते: मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीला ११२, वकिलासाठी १५१००. मजकुराखाली निदान हे चार आकडे तरी टाका.

दाखला लपवून आणणाऱ्या त्या पहिल्या मुलीचं सांगायचं राहिलं. दाखला टेबलावर पसरून आम्ही तारखा मोजल्या. वीस पूर्ण व्हायला तेवीस दिवस होते. पाचची एसटी निघून गेली, सहाला आम्ही सखी केंद्राच्या रिक्षात बसलो. नवव्या दिवशी अर्ज तयार झाला. वकिलांनी सहीची जागा दाखवली, तिने पेन टेकवलं आणि थांबली.

“ताई, सासरचं नाव लिहू का दाखल्यावरचं?”

“दाखल्यावरचं लिही.”