वॉल्व्ह बदलला नाही, कारण वॉल्व्ह खराब नाही

नमस्कार.

तुम्ही आमच्या दुकानाला एक स्टार देऊन लिहिलंय की, गुहागरहून आमचा मेकॅनिक आला, व्हिजिट चार्ज घेऊन गेला आणि फ्रिजच्या दारातून पाणी अजून थेंब थेंबच येतंय. कंपनीच्या हेल्पलाइनने फ्रिजमध्ये पाणी सोडणारा वॉल्व्ह बदला म्हटलं होतं, तो त्याने बदलला नाही. थोडाफार बर्फ करत होता तो आइस मेकरही बंद करून गेला आणि वर पंप बसवा म्हणाला. हाच फ्रिज मुंबईला छान चालत होता, गावच्या घरी स्वयंपाकघरातल्या नळाला धो धो पाणी आहे, मग प्रेशर कमी कसं, असं तुम्ही विचारलंय. आता शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून लाइन आरओला जोडणार आहात, हे वाचून आजच लिहायला बसलो. तसं कृपया करू नका. कारण पुढे सांगतो.

तपासणी झाली तेव्हा घरी तुमचे वडील होते, तुम्ही मुंबईत. त्यामुळे तिथे काय केलं ते तुमच्यापर्यंत पूर्ण पोचलेलं दिसत नाही.

मेकॅनिकने आधी फ्रिजमागची पाव इंची नळी सोडवून तिला प्रेशर मोजायचा गेज लावला. काटा अर्ध्या किलोपर्यंतही (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो) गेला नाही. तुमच्या घराची टाकी स्लॅबवर, लोखंडी स्टँडवर आहे. टाकीतलं पाणी जोडणीपासून दहा मीटर उंच असेल तेव्हा एक किलो प्रेशर मिळतं. तुमच्याकडे ही उंची चार मीटरच्या आसपास भरते. दारातून पाणी देणाऱ्या या फ्रिजच्या पुस्तिका काढून बघा, मॉडेलप्रमाणे किमान २० ते ३५ पीएसआय (प्रेशरचंच दुसरं माप) मागितलेलं असतं. सगळ्यात कमी आकडा धरला तरी ते जवळजवळ दीड किलो होतं, म्हणजे टाकी चौदा मीटर वर हवी. मुंबईच्या इमारतीत गच्चीवरची टाकी तुमच्या मजल्यापासून बरीच वर होती, म्हणून तिथे कधी प्रश्नच आला नाही. आपल्याकडच्या चिऱ्याच्या एकमजली घराला ती उंची येणार कुठून?

नळाला धो धो पाणी येतं हे तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. नळाला येणारी लाइन जाड आणि तोंडाला उघडी, त्यामुळे कमी प्रेशरवरही बादली पटकन भरते. फ्रिजमध्ये मात्र पाण्याला बारीक नळीतून, मग फिल्टरच्या कोळशातून, मग वॉल्व्हमधून आणि आतल्या टाकीतून वाट काढत दारापर्यंत चढायचं असतं. प्रत्येक ठिकाणी थोडं प्रेशर खर्च होतं. तुमच्याकडे मुळात जे आहे ते वाटेतच संपतं.

फिल्टर तुंबला असेल ही शंका मेकॅनिकलाही आली होती. नवीन असला तरी त्याने तो काढून त्या जागी बायपास प्लग, म्हणजे पाणी न गाळता सरळ पुढे सोडणारं टोपण, लावून पाहिला. धार किंचित वाढली, पण ग्लास भरेना. मग वॉल्व्हच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजला, तो बरोबर होता. बटण दाबल्यावर कॉइलला व्होल्टेजही येत होतं. शेवटी त्याने आरओमध्ये असतो तसला छोटा पंप बादलीत सोडून त्याची नळी फ्रिजला जोडली. तोच वॉल्व्ह, तोच फिल्टर परत बसवून, आणि दारातून सरळ धार आली. तुमच्या वडिलांनी स्वतः ग्लास धरून भरला. त्यांना एकदा विचारा.

यानंतर वॉल्व्ह बदलून बिल केलं असतं तर ते मला पटलं नसतं. हेल्पलाइनवरच्या माणसाला तुमची टाकी दिसत नाही, पाणी येत नाही एवढंच त्याला कळतं, म्हणून तो वॉल्व्ह सांगतो. त्यात त्याचा दोष मानत नाही. पण आम्ही घरात उभे होतो.

आइस मेकर बंद का केला, हे नीट समजून घ्या, कारण नुकसान खरं तर तिथेच व्हायचं होतं. या वॉल्व्हच्या आत रबरी पडदा असतो. वीज मिळाली की तो उघडतो. वीज बंद झाली की एक बारीक स्प्रिंग आणि मागून रेटणारं पाणी मिळून तो घट्ट मिटवतात. मागे जोरच नसेल तर पडदा पुरता बसत नाही आणि बंद वॉल्व्हमधूनही पाणी झिरपत राहतं. ते थेंब आइस मेकरच्या भरणी नळीत गोठतात. फ्रीझर उणे १८ अंशांवर चालतो, तिथे असं पाणी साठायला वेळ लागत नाही. तुमची ती नळी अर्धी बर्फाने भरलेली होती. शिवाय आइस मेकर वॉल्व्ह फक्त ठरलेले काही सेकंद उघडतो. तेवढ्यात जेवढं पाणी येईल तेवढ्याचाच बर्फ. तुम्ही लिहिलंय की खडे छोटे आणि आतून पोकळ निघत होते, ते यामुळेच. नळी पूर्ण गोठली असती तर पुढचं पाणी फ्रीझरमध्ये नको तिथे सांडलं असतं आणि तिथेच गोठून बसलं असतं. मेकॅनिकने नळी मोकळी केली, आइस मेकर बंद ठेवला आणि वडिलांना तसं सांगितलंही. व्हिजिट चार्ज या सगळ्या कामाचा आहे, आणि तो परत करावा असं मला वाटत नाही.

आता आरओचं. भिंतीवरच्या आरओची टाकी ओट्याच्या जरा वर असते, म्हणजे स्लॅबवरच्या टाकीपेक्षाही खाली. तिथून फ्रिजला जोडलंत तर आज येतात ते थेंबही थांबतील. जोडायचाच असेल तर आरओनंतर वेगळा पंप लागेल, आणि फ्रिजच्या आतला फिल्टर काढून बायपास प्लग लावावा लागेल. आरओचं पाणी पुन्हा त्या फिल्टरमधून नेण्यात काही हशील नाही, उलट प्रेशर जातं.

पण तुमच्या वाडीत आरओचा विचार मुळात चुकीचा नाही, हे मी मान्य करतो. वाशिष्ठी खाडीच्या बाजूच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. फ्रिजमधला कोळशाचा फिल्टर वास आणि क्लोरीन काढतो, क्षार काढत नाही. तो पाणी निर्जंतुकही करत नाही, म्हणून विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेली नसेल तर दारातलं पाणी प्यायला देऊ नका, वडिलांना तर मुळीच नको. आणि मिरग लागला की जांभ्यातून झिरपून येणारं पाणी लालसर होतं, त्यात बारीक गाळ असतो. सहा महिने चालणारा फिल्टर तेव्हा कितीतरी आधी गच्च होतो. म्हणून फ्रिजच्या आधी लाइनवर पाच मायक्रॉनचा साधा गाळ-फिल्टर बसवा. तो स्वस्त असतो आणि फ्रिजचा महागडा फिल्टर वाचवतो.

पंप आमच्याकडूनच घ्या असा आग्रह नाही, कुठूनही घ्या. फक्त प्रेशर स्विचवाला छोटा बूस्टर घ्या, म्हणजे ग्लास दाबला की चालू आणि सोडला की बंद. तो घरच्या टाकीनंतरच बसवायचा. ग्रामपंचायतीच्या नळाला थेट मोटर लावायची नाही, ते नियमात बसत नाही आणि खालच्या आळीतल्या घरांचं पाणी तुटतं. पंपाचा खर्च नको असेल तर फ्रिजमागची तोटी बंद करा आणि बर्फ साध्या ट्रेमध्ये लावा. फ्रिज गारवा द्यायला पूर्ण ठीक आहे.

पंप तुम्ही आणलात तर तो लाइनला जोडून पुन्हा गेज लावून देण्याचा वेगळा व्हिजिट चार्ज घेणार नाही. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्याकडे फार गर्दी असते, तेव्हा त्यापूर्वी दुकानात कळवा. गाळ-फिल्टर आमचा माणूस येताना घेऊन येईल. लाइन चालू झाली की दारातून चार-पाच लिटर पाणी सोडून द्या, नव्या फिल्टरमधली हवा आणि कोळशाची काळी भुकटी निघून जाते. आइस मेकर त्यानंतरच चालू करा आणि पहिल्या दिवसाचा बर्फ वापरू नका. सण उरकून घर बंद करून मुंबईला निघाल तेव्हा फ्रिजमागची तोटी आठवणीने बंद करायला वडिलांना सांगा.