वहिनी, पुस्तक राहू द्या, तो मेसेज काढा

वहिनींनी मेलबर्नहून घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली विचारलं, "हिचं पुस्तक काढून घेऊ का?" पुतणी सध्या दुष्काळातल्या आयर्लंडमधून ऑस्ट्रेलियात आलेल्या एका अनाथ मुलीची कादंबरी वाचतेय. मेसेज म्हणतो: जगातले पहिले गुलाम आयरिश होते, इंग्लंडच्या दुसऱ्या जेम्स राजाने १६२५ मध्ये त्यांच्या विक्रीचं फर्मान काढलं, एका जहाजावरून १३०२ आयरिश गुलाम समुद्रात फेकले, ऑस्ट्रेलियात नेलेल्या मुलीही गुलामच, आणि मुलांच्या कादंबऱ्या हे दडपतात.

दुसरा जेम्स जन्मला १६३३ मध्ये. फर्मानाचा विषय इथेच मिटला. सोबतचा फोटो विसाव्या शतकातल्या अमेरिकी कोळसा खाणीवरच्या पोरांचा आहे.

त्या १३०२ च्या आकड्याने मात्र माझं डोकं फिरलं. १७८१ मध्ये 'झाँग' हे जहाज आफ्रिकी गुलामांना कोंबून जमैकाकडे निघालं होतं. पाणी संपत आल्याचं कारण सांगत खलाशांनी सुमारे १३२ जणांना जिवंत समुद्रात लोटलं. मालकांनी या 'मालाचा' विमा मागितला. १७८३ मध्ये लंडनच्या कोर्टात वाद झाला तो विम्याच्या पैशांवर. खुनाचा खटला कुणावरही चालला नाही. कुणीतरी त्या १३२ मध्ये एक शून्य घुसवलं आणि आफ्रिकींच्या जागी आयरिश लिहिलं. बुडवून मारलेल्यांचं मरणसुद्धा चोरलं! आयर्लंडमधल्या लिमरिक शहराचे ग्रंथपाल लियाम होगन यांनी अशा भाकडकथांचा एकेक धागा उलगडून ठेवलाय, आणि २०१६ मध्ये ऐंशीहून जास्त अभ्यासकांनी त्याविरुद्ध जाहीर पत्रावर सह्या केल्या. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना तेवढं वाचायला सवड नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागते. इंग्लंडचा सत्ताधीश क्रॉमवेल याच्या काळात, १६५० च्या दशकात, हजारो आयरिश लोकांना जबरदस्तीने कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर धाडलं गेलं. उसाच्या मळ्यात त्यांनी मार खाल्ला, कित्येक मेले. पण त्यांच्या बंधनाला मुदत होती आणि त्यांची मुलं मालकाची होत नव्हती. आफ्रिकींचा जन्म गुलामीत जायचा, पुढच्या पिढ्यांचाही. बार्बाडोसने १६६१ मध्ये दोघांसाठी कायदेसुद्धा वेगवेगळे केले.

आता पुतणीच्या पुस्तकातल्या मुली. १८४८ ते १८५० या काळात आयर्लंडच्या अनाथ-दरिद्री लोकांच्या वर्कहाउसमधून चार हजारांहून जास्त मुली ऑस्ट्रेलियात आल्या, बहुतेक चौदा ते अठरा वर्षांच्या. प्रत्येकीला एक लाकडी पेटी मिळायची: सहा शमीज, दोन फ्लॅनेलचे परकर, सहा जोड मोजे, दोन जोड बूट, दोन झगे. सिडनीत उतरल्यावर हाइड पार्क बराकीत मुक्काम, मग पगार ठरवून घरकामाचा करार. मालकिणीशी खटके उडाले तर प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे जायचं आणि करार रद्दही व्हायचे. जमैकाच्या मळ्यातल्या गुलाम बाईला असं कुठलं दार उघडं होतं?

म्हणून त्यांचं बरं चाललं होतं असं नाही. मागे उपासमार असताना 'हो' म्हणणं म्हणजे काय निवड! तिथल्या वर्तमानपत्रांनी त्यांना बिनकामाच्या, वाया गेलेल्या ठरवलं, कॅथलिक म्हणून हिणवलं, आणि योजना दोन वर्षांत गुंडाळली. चांगली कादंबरी हे सगळं दाखवते.

कादंबऱ्या काहीतरी गाळतात हे खरं, पण ते वेगळंच. १८५० मध्ये जहाजाचे डॉक्टर चार्ल्स स्ट्रट शंभरावर मुलींना घेऊन सिडनीपासून दूर आत असलेल्या यास आणि गंडागाई या गावांपर्यंत गेले. गंडागाई ही विराजुरी या ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवासी लोकांची भूमी. १८५२ च्या महापुरात याच गावात यारी आणि जॅकी जॅकी या विराजुरी माणसांनी झाडाच्या सालीच्या होड्यांतून डझनावारी गोऱ्यांचे जीव वाचवले. जुन्या गोष्टींत मात्र ही जमीन रिकामीच पडलेली असते. वहिनी, तिच्या पुस्तकात ही माणसं आहेत का, तेवढं तिला विचारा.